गटबाजीचा अर्थ आडावर सापडला

मंडळी, आज सकाळी लेकीच्या गृहपाठात 'गटबाजी' शब्द आला. मला काही अर्थ धड सांगता येईना. शेजारच्या नव्वदीतल्या हमीदाचाची म्हणाल्या, "चल, दाखवते."

त्यांनी आम्हाला गावच्या जुन्या आडावर नेलं. काठाच्या दगडाला समोरासमोर दोन खाचा, दोरानं पडलेल्या.

"निजामाच्या राज्यात गावात दोन गट होते. पाणी एकच, पण ह्यांची बाजू ही, त्यांची ती. एका उन्हाळ्यात पाणी खोल गेलं. कुणाचाच दोर पुरंना. अंबाडी पिकली न्हवती, नवा दोर कशाचा वळणार? लेकरं तहानेली, तरी कुणी कुणाला बोलंना. मग माझ्या अम्मानं दोन्हीकडचे दोर मागून आणले अन् गाठ मारली. तवापासून सगळे मधूनच पाणी ओढू लागले."

चाचींनी लेकीचं बोट धरून तिसऱ्या, मधल्या खाचेत ठेवलं. अख्खं बोट आत गेलं! मी जन्मापासून इथून जाऊन-येऊन राहिलो, कधी पाहिलंच न्हाई.

लेकीनं विचारलं, "चाची, आमचं घर कोणत्या बाजूचं होतं?"

चाची नुसत्या हसल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कुणालाच सांगितलेलं न्हाई.

तुमच्या गावात आहे का असं न सांगणारं कुणी?