दोन नंबरच्या खड्ड्यातलं पाणी

हे मी माझ्या आईलाही नाही सांगितलं. तुम्हाला सांगते — तुम्ही आमच्या घरचे नाही, म्हणून हिंमत होऊन राहिली.

आम्ही वर्ध्याकडचे. इथे जयपूरला, जगतपुऱ्यात आमचे हे त्या फास्ट गाड्या दुरुस्त करतात, मतलब मोठ्या लोकांच्या, आवाज करत जाणाऱ्या. घराखालीच शेड. दीर रवी ह्यांच्या हाताखाली काम करायचा.

बासोड्याचा दिवस होता. त्या दिवशी इथे चूल पेटवत नाहीत, शिळं खातात, थंडावा राहावा म्हणून शीतलामातेचं हळदीचं पाणी घरभर शिंपडतात. शेजारच्या भाभीजींनी शिकवलं मला. पोरीला नुकतीच माता, मतलब कांजण्या, येऊन गेली होती, मी घाबरलेली — एक कोपरा सोडला नाही. खाली लाल गाडी उभी, बॉनेट उघडं. ह्यांचा हात मागे इंजिनालाच भाजला होता. मला वाटलं, सगळ्यात गरम तर हेच. लोटा तिथंच रिकामा केला. आत प्लगचे खड्डे उघडे आहेत, मला काय माहीत? — जाऊ द्या. चूक ती नाही. चूक पुढे आहे.

संध्याकाळी गाडीचा मालक आला. ह्यांनी प्लगांना ठिणगी देणाऱ्या कॉइली बसवून गाडी चालू केली, तर नुसती थरथर. मिसिंग, मतलब एक सिलिंडर पेटतच नव्हता.

मालक हसला, "उस्ताद, इससे तो मेरा ट्रॅक्टर अच्छा."

ह्यांचे कान लाल. दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावली — मिसिंग दोनलाच, मतलब कॉइल चांगली. मग मोबाईलचा उजेड धरला. दोनच्या खड्ड्यात पाणी. तारेला कापड गुंडाळून आत घातलं, पिवळं निघालं. हे म्हणाले, गंज आहे. मला माहीत होतं काय आहे ते.

सकाळी चाकं रवीनं धुतली होती.

"इंजिनावर पाइप मारला ना तू?"

"नाही दादा. वहिनीला विचार, ती इथंच होती."

सगळे माझ्याकडे पाहून राहिले. पोरगी कडेवर. मी टाकलं — एवढंच तर म्हणायचं होतं ना? आणि मी काय म्हणाले? "पाइप तर भाऊजींच्याच हातात होता."

एक शब्द खोटा नव्हता. तेच तर.

रवीनं माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. 

हवा मारून खड्डा सुकवला, कॉइली परत जागेवर लावल्या, गाडी नीट झाली. रवीला ह्यांनी दुसऱ्या दिवशी काढलं. आता तो तिकडे चाकसू गावी ट्रक धुतो. कुणी विचारलं की हे सांगतात, भाऊ आहे, पण हात भरवशाचा नाही. मी तिथंच असते, चहाचे कप उचलत.

परवा परत बासोडा झाला. मी लोटा घेऊन निघाले तर हे म्हणाले, "गाडीपासून लांब. नाहीतर तूही रवीसारखं करशील."

मी हो म्हटलं.