जाऊन येण्यापुरतं

मिस्त्रीच्या गॅरेजात ‘चालून जाईल’ असं म्हणायची सोय नव्हती. एखादं गिऱ्हाईक चुकून बोललंच, तर मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचा, कपाळावरचा घाम बाहीला पुसायचा आणि अगदी शांतपणे म्हणायचा, “चालून जाईल ना? मग चालवत घेऊन जा. इथे कशाला आणलीस?” अशाने गिऱ्हाइकं तुटली, शेजारच्या गॅरेजवाल्याची चांदी झाली, आणि मिस्त्रीच्या बायकोने तर त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते. पण ज्याची गाडी एकदा त्याच्या हाताखालून गेली, तो पुन्हा दुसऱ्याच्या दारात जात नसे. माणूस आडदांड, पंजे फावड्यासारखे, केस पांढरेशुभ्र. अशा माणसाला ‘बारक्या’ म्हणणारा जगात एकच जण होता, तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ.

दादा ट्रक चालवायचा. उभं आयुष्य एकच ट्रक. बाप अकाली गेला तेव्हा दादाने शाळा सोडून स्टिअरिंग धरलं, बारक्याला वाढवलं, गॅरेजात चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःला मूलबाळ झालं नाही, त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. बंदरावरून मीठ भरायचं, घाट चढून इकडे आणायचं, उतरवायचं आणि पुन्हा निघायचं, हा त्याचा धंदा. वहिनी ट्रकला ‘माझी सवत’ म्हणायच्या आणि ते काही फक्त थट्टेने नव्हे, कारण सवतीने हजारदा पाहिलेला समुद्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. “पुढच्या खेपेला नेतो तुला,” हे दादाचं पालुपद लग्नाच्या वर्षापासून चालू होतं. पुढच्या खेपेला कधी गोण्या जास्त व्हायच्या, कधी घरात पाहुणे असायचे, कधी वहिनीच म्हणायच्या, राहू द्या आता, पुढच्या वेळी बघू.

मग दादाच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बसवलं आणि मिस्त्रीला आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते मिस्त्रीने कोणाला सांगितलं नाही, वहिनींनी विचारलं नाही, आणि दादाला विचारायची गरजच नव्हती. तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही एकमेकांसमोर औषधाच्या वेळांबद्दल बोलत बसायचे.

नेमकं याच सुमारास ट्रकच्या चाकाची लोखंडी डिस्क तडकली. एरवी ही दोन घटकांची गोष्ट. पण गाडी इतकी जुनी, की त्या मापाच्या डिस्का कोणी बनवत नव्हतं आणि त्या मापाचे टायरही बाजारातून उठले होते. नवी चाकं घ्यावीत, तर त्यांची भोकं या गाडीच्या स्टडांवर, म्हणजे चाक अडकवायच्या बोल्टांवर, बसत नव्हती. घोडं तिथेच अडलं.

“ॲडॅप्टर लाव,” दादा म्हणाला. तो गॅरेजच्या दारात उलट्या घातलेल्या ड्रमवर बसला होता. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं, आणि तरी पँट कमरेवर राहत नव्हती.

ॲडॅप्टर म्हणजे लोखंडाची जाड चकती. ती जुन्या हबवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक ज्यावर बसतं त्या भागावर, आवळायची आणि नवीन चाक तिच्यावर बसवायचं. दोन-तीन तासांचं काम. दुसरा मार्ग म्हणजे हबच बदलायचा. भंगारात गेलेल्या नव्या मॉडेलच्या गाडीचे हब शोधायचे, लेथवर कातून या ॲक्सलला बसते करायचे, बेअरिंगं, ड्रम, सगळं नव्याने जुळवायचं. त्याला किती वेळ लागेल ते लेथवाल्याच्या मर्जीवर.

“ॲडॅप्टर मी लावणार नाही,” मिस्त्री म्हणाला. “चाक दोन बोटं बाहेर येतं, सगळा भार बेअरिंगवर. आणि आतले नट चाकामागे झाकले जातात. तू निघताना हातोडीने नट वाजवून बघतोस ना, ते सगळे बाहेरचे. बाहेरचे खणखणीत वाजतील आणि आतले सुटत असतील, तुला पत्ताही लागायचा नाही. घाटात चाक गाडीच्या पुढे पळेल.”

“पळालं तर पळालं. मी काय आता खेपा मारणार आहे? हिला एकदा समुद्र दाखवायचाय. जाऊन यायचं, बस्स. मग घाल खुशाल भंगारात.”

“बसने ने. नाहीतर भाड्याची गाडी करतो.”

“बसने कोणीही नेईल रे. ही माझ्या शेजारी बसून गेली पाहिजे.” दादाने दम घेतला. “चार दिवसांसाठी हब कशाला बदलतोस, बारक्या?”

त्या ‘चार दिवसां’नी घात केला. इतके दिवस घरात जे कोणी उच्चारलं नव्हतं, ते दादाने गॅरेजच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, सहज बोलून टाकलं. मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. ॲडॅप्टर लावणं म्हणजे ‘हो, चारच दिवस’ असं स्वतःच्या हाताने आवळून देणं. तो ओरडला, “चार दिवस कोणाचे? वीस वर्षं चालवायचीय तुला गाडी! हबच बदलणार!” दादाने त्याच्याकडे बघितलं आणि वाद सोडून दिला.

दादा कसा आहे हे मिस्त्रीला पक्कं माहीत होतं. आज गप्प बसेल आणि उद्या शेजारच्या गॅरेजवाल्याकडून गुपचूप ॲडॅप्टर लावून घेईल. म्हणून दादा घरी गेल्यावर मिस्त्रीने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चारही जुने हब उतरवले आणि गॅस कटर लावून एकेकाचे दोन तुकडे केले. एकदा कापलं की विषय संपला. त्याला बरंही वाटलं त्या वेळी. आता दादाला थांबावंच लागेल, असं त्याच्या मनात आलं. गाडीसाठी थांबावं लागेल, एवढंच त्याच्या मनात होतं की आणखी काही, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या चाकांचे हब लवकर मिळाले आणि बसलेही. मागच्यांनी मात्र जीव खाल्ला. बेअरिंग ॲक्सलपेक्षा सैल होतं, मधे बसवायला बुश, म्हणजे लोखंडी कडं, कातून घ्यायला हवं होतं. लेथवाल्याने कातून दिलं, ते मिस्त्रीने बोटाने फिरवून पाहिलं आणि परत पाठवलं. दुसऱ्यांदा आणलं, तेही परत. “अरे, केसाएवढा फरक आहे,” लेथवाला वैतागून म्हणाला. “लोक यावर डोळे झाकून जातात.”

“जाऊ देत लोक. माझा भाऊ जायचा नाही.”

दादा सुरुवातीला रोज यायचा, ड्रमवर बसून सूचना करायचा, मिस्त्रीचे कान खायचा. मग एक दिवसाआड यायला लागला. मग येईनासा झाला. मिस्त्री काम आटोपून त्याच्याकडे जायचा, खाटेजवळ बसायचा आणि सांगायचा, “आलंच दादा, मागचंच राहिलंय.” दादा डोळे मिटूनच हसायचा.

आणि एका सकाळी गॅरेजसमोर रिक्षा थांबली. दादा स्वतःच्या पायांनी उतरला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मागून वहिनी उतरल्या, ठेवणीतले कपडे घालून, हातात डब्याची पिशवी आणि पाण्याची बाटली. म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीचा आनंद होता, आणि तो लपवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता.

“आज बरं वाटतंय,” दादा म्हणाला. “सकाळी दोन घास खाल्ले. बारक्या, आजच्या दिवस ऐक माझं. ते ॲडॅप्टर लाव आणि दे गाडी. उद्यापासून तुझा हब नि तू.”

मिस्त्री लगेच आत वळला. फळीवर कोणाच्या तरी गाडीचा काढून ठेवलेला ॲडॅप्टरचा संच पडला होता, तो त्याने दोन्ही हातांनी ओढून काढला. आयुष्यभराचं तत्त्व त्याने त्या क्षणी खुंटीला टांगलं होतं. चकत्या छातीशी धरून तो ट्रकच्या मागच्या चाकाच्या जागी आला आणि तिथेच थांबला. समोर उघडा ॲक्सल होता. चकती आवळायला जुना हब हवा, आणि तो कोपऱ्यात पोत्याखाली तुकडे होऊन पडला होता. पुढेही नवे हब बसलेले, त्यांना ही चकती लागणार नव्हती. बुश लेथवाल्याकडे.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“दादा, जुने हब मी कापले. तू दुसरीकडून लावून घेशील म्हणून कापले. पहिल्याच दिवशी.”

मिस्त्रीने पोतं सरकवलं तसं दादाने तुकड्यांकडे बघितलं. तो रागावला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मिस्त्रीला पेलवलं असतं. दादा एवढंच म्हणाला, “ओळखून होतास की मला,” आणि वहिनींकडे वळला. “चल, वर बस.”

ठोकळ्यांवरच्या ट्रकात मिस्त्रीने दोघांना हाताला धरून चढवलं. दादा स्टिअरिंगमागे बसला. खाली मिस्त्री ॲडॅप्टर घेऊन तसाच उभा होता, आणि वरून दादाचा आवाज येत होता. “हा बघ, इथे घाट लागतो. इथे दुसऱ्या गिअरला आणायची. या वळणाला खाली बघू नकोस, तुला चक्कर येईल.” वहिनी मधेच विचारत होत्या, “इथे जेवायला थांबता का हो तुम्ही?” दादा त्यांना घाट उतरवत होता. वळणामागून वळण. मग त्याला धाप लागली. “बाकीचं उद्या,” तो म्हणाला आणि वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकलं. मिस्त्रीने त्याला उचलून रिक्षात ठेवलं. लहान मुलासारखा हलका लागला तो हाताला.

उद्या तसा दिवस उजाडला नाही. दादा खाटेवरून उठला नाही, आणि बुश जमून आलं त्या आठवड्यात तो गेला.

मिस्त्रीने काम पुरं केलं. का ते त्याला सांगता आलं नसतं. बेअरिंगांत ग्रीस भरलं, ड्रम जुळवले, नवी चाकं चढवली, गाडीत माल भरून, ती रिकामी करून पुन्हा नट आवळले. असं काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. चाक बोटाने ढकललं तर फिरतच राहायचं. ते बघून त्याला हुंदका आला, तेव्हा तो ट्रकखाली सरपटला आणि तिथेच मनसोक्त रडला.

काही दिवसांनी वहिनी गॅरेजात आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, पदराने दाराच्या मुठीवरची धूळ पुसली.

“झालं का हो, भावोजी?”

“झालं, वहिनी. घाटातसुद्धा काळजी नाही आता.” तो अडखळला. “चला, मी नेतो तुम्हाला. आत्ता निघू. संध्याकाळी समुद्रावर असाल.”

वहिनींनी मान हलवली. “मला समुद्राचं काय मेलं कौतुक? तो दाखवताना त्यांचं तोंड कसं होतंय, ते बघायचं होतं.”

वहिनी ड्रमवर बसल्या, दादा बसायचा तिथेच. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “एक विचारू? खरं सांगाल? तुम्ही कापलं नसतं आणि त्या दिवशी ते दुसरं लावलं असतं, तर पोचलो असतो का आम्ही?”

नाही म्हणणं सोपं होतं. भार, बेअरिंग, झाकलेले नट, सगळं त्याच्या जिभेवर होतं, आणि वहिनींनी ते मानलंही असतं. मिस्त्रीने हातातलं फडकं दोनदा घडी केलं, दोनदा उलगडलं.

“पोचला असतात, वहिनी,” तो म्हणाला. “जाऊन येण्यापुरतं टिकलं असतं.”