दोराच्या पुलावरचा नियम

खुलताबादजवळच्या कॅम्पमध्ये दोराच्या पुलावर जायची माझी पाळी आली, तेव्हा घरचे सगळे मोबाइल रोखून उभे होते. मला उंचीपेक्षा त्यांचीच भीती वाटत होती.

पट्टा बांधणारा माणूस एरवी मेंढरं राखायचा. त्यानं गाठ दोनदा ओढून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मागं वळून ओरडला, "गरम भजी आली!"

सगळे पळाले.

"खरंच आली?"

"नाय ताई. बुजलेल्या मेंढराकडं समद्यांनी बघितलं, तर ते पाय उचलत नाय. जा आता."

मी पलीकडे जाऊन परत आले. तेवढ्यात आई चिडून आली. "भजी नाहीत, अन् फोटोही राहिला! पुन्हा जा."

माझा पट्टा सोडवत तो गंभीरपणे म्हणाला, "एका माणसाला एकदाच, मावशी. नियम हाय."

सकाळपासून माझ्या काकांना त्यानंच तीनदा पट्टा बांधला होता.