भिंतीतला हात

नवागामच्या आमच्या घरात मोठ्या बहिणीचा हात दर वर्षी भिंतीतून वर यायचा. अंगाला हळद लागली त्या दिवशी तेल-हळदीने माखलेला पंजा तिने हसत हसत भिंतीवर टेकवला होता आणि आईची बोलणी खाल्ली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती बाळंतपणात गेली. हळदीचा रंग उडाला, तेल मात्र भिंतीत मुरलं. श्रावणात त्याच भिंतीपुढे कानबाई देवी बसवायच्या आधी आम्ही खानदेशी लोक घर रंगवतो. डिस्टेंपर वाळला की चारसहा दिवसांत पाची बोटं पिवळट होऊन पुन्हा हजर. त्या भिंतीकडे पाठ करून मला घास गिळवत नसे. आई मात्र जमिनीवरून उठताना नेमका तिथेच हात टेकायची.

वडिलांचा सगळा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, आवाज अजून तसाच चढा. एका श्रावणात ते कडाडले, "कानबाईना मांगे आवंदा तो हात दिखाले नको! तुन्या कंपनीमा काही व्हई, ते लई ये."

मी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. दुधासारखं पॉलिमर बनवतो. त्यातलं पाणी उडालं की बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा धरतात. कापडावर चढवा, पाणी आत शिरत नाही. भिंतीवर चढवा, तेल बाहेर येत नाही. आमचा धंदाच वरच्या थराचा. आत काय आहे ते कोण विचारतो?

"तिना हात शे तो. ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. पण वडिलांपुढे बोलायची कुणाची टाप? मी त्या पॉलिमरचा डबा आणला. त्यांनी स्वतः ब्रश घेतला.

कानबाई बसली, नैवेद्याचे रोट झाले, पाहुण्यांनी भिंतीचं कौतुक केलं. दिवाळी गेली, तरी भिंत पांढरीच. माल उत्तम होता, आग लागो त्याला! हात दिसायचा तेव्हा ती कुठे आहे हे तरी ठाऊक होतं. आता ती घरात कुठेही असेल असं वाटायचं, आणि मी मागे वळून बघायचो.

वडील दुपारभर भिंतीसमोर बसू लागले. एका रविवारी म्हणाले, "ते काढाले काही औषध शे का?"

पापुद्रा भिंतीला घट्ट धरून बसलाय, ओढला तर प्लास्टरची सालं निघतील आणि हातही सालांबरोबर जाईल, असं मी त्यांना सांगितलं. ते नखाने रंग खरवडत होते. एकदम थांबले.

"पन मझार शे ना?"

"शे, भिंतीमाच शे," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. जागा चुकली होती. आई चुलीपुढून उठली, त्यांचं मनगट धरलं आणि हात थोडा वर सरकवला.