शिट्ट्या ऐकून कापलेला सिनेमा

पडद्यावर चुडैल पेटली होती आणि खाली थर्ड क्लासमधून कोणीतरी ओरडलं, "एकाच फवाऱ्यात मेली बे!"

दुसरा म्हणाला, "बीटीची असंन!"

सगळी टॉकीज हसली. मी वर केबिनमध्ये होतो. तीस वर्षं मशीन चालवली, पण भुताच्या मरणाला लोक हसलेले तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मलकापूरच्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो. शिक्षण चौथी. ऑपरेटर म्हणजे सिनेमा दाखवणारा माणूस. सिनेमा तेव्हा डब्यांत भरून यायचा. एका डब्यात एक रीळ, रीळ दहाएक मिनिटांचं. पूर्ण सिनेमा म्हणजे चौदा-पंधरा रिळं. बीटी कपाशी गावोगाव पोचली होती तेव्हाची ही गोष्ट. बोंडअळी आपोआप मरते म्हणून लोकांनी ते बियाणं घेतलं. तुडतुडे काही मेले नाहीत, पांढरी माशी मेली नाही, पाठीवरचा फवारणीचा पंप उतरला नाही. अशा लोकांपुढे एका फवाऱ्यात मरणारं भूत ठेवलं तर ते हसणारच.

चूक माझी होती. शेठ आठवडाभर आधी केबिनमध्ये आले होते.

"पुंडलिक, बाजारच्या दिवशी एक शो जास्त बसवाचा आहे. वीस मिनिटं काप."

"काय कापू?"

"शिट्ट्या वाजतात ते ठेव. लोक गप बसतात ते काढ."

मला ते पटलं. लहान गावच्या टॉकीजमध्ये प्रिंट अशी कापतच असत. प्रिंट पुढच्या गावी जाताना तुकडे परत जोडून द्यायचे, एवढाच नियम. सिनेमा जुना, हॉररचा, तोवर पूर्ण चालत होता. विहिरीतली चुडैल एका घराच्या मागे लागते. घरातली म्हातारी आत्या दिवा घेऊन तिच्यासमोर उभी राहते. दोनदा दिवा विझतो, हात भाजतात, आत्या पडते, परत उठते. हे सगळं अकराव्या आणि बाराव्या रिळात. तिथं एक शिट्टी नाही की टाळी नाही. मी दोन्ही रिळं काढून बाजूला ठेवली. आता आत्या दारात येते आणि पुढच्याच घडीला चुडैल जळते, असं झालं.

चार दिवसांत लेडीजची बाजू रिकामी झाली. आमच्याकडे बायांची बसायची बाजू वेगळी होती आणि तिच्या दारावर माझी बायको, सुमन, तिकिटं फाडायला बसायची. वेचणीच्या बाया, भाजीवाल्या, बांगड्या विकणारी राबियाबी, सगळ्या तिच्या ओळखीच्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं. त्या ओळखींवरच तिचा आठवडा जायचा.

शेठ म्हणाले, "बाया येत नाहीत. पुढच्या बाजारी अशीच गत राह्यली तर मधात भिंत घालतो. एक व्यापारी कापसाच्या गाठी ठेवायले जागा मागून राह्यला."

म्हणजे सुमनचं दार गेलं. मी घरी येऊन सांगितलं. ती भाकर थापत होती. रडली-बिडली नाही.

"अजी, त्या म्हातारीचं काय केलं तुमी?"

"कापलं."

"काऊन?"

"तिथं कोणी शिट्टी मारत नव्हतं."

"श्वास धरल्यावर शिट्टी कोण मारते? तुमाले वर मशीनचीच खडखड. मी खाली बायांचे तोंडं पाहते. म्हातारी पडली का राबियाबी माहा हात दाबून धरे. आता मले विचारते, सुमनबाई, बुढ्ढी ने किया क्या?"

मी ताट पुढं ओढलं.

"भुताचा जोर तुमी तेवढाच ठेवला. चांगल्याचा काढून घेतला. मंग ते मेलं कोणाच्या हातानं?"

मला राग आला. माझ्या कामात तिनं बोलावं? पण जेवण झाल्यावर चप्पल घातली आणि टॉकीजची चावी घेतली.

आत्याची दोन्ही रिळं परत घातली. आता वीस मिनिटं दुसरीकडून काढायची होती. चुडैल तीच किंकाळी चारदा मारायची, दोन ठेवल्या. धूर फार होता, तो आखडला. दोन विनोदी नोकरांचे प्रसंग काढून टाकले. हे काम सोपं नाही. फिल्मवर आवाज चित्राच्या वीसेक चौकटी पुढे असतो. नुसतं चित्र पाहून कापलं तर बोलणं अर्ध्यात तुटतं. मी प्रत्येक जागा बोटांनी मोजली. ब्लेडनं खरवडून, सिमेंट लावून जॉइंट दाबले. सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं औषध. तीन दुपारी गेल्या.

बाजारच्या दिवशी शेठ घड्याळ घेऊन केबिनमध्ये उभे.

"कोणाले विचारून जोडलं बे?"

"कोणालेच नाही. तुमाले वीस मिनिटं पाहिजेत. मोजा."

अकरावं रीळ लागलं. खाली चिडीचूप.

"पाह्य, एक शिट्टी नाही. पडला सिनेमा."

"थांबा, शेठ."

बाराव्या रिळात आत्या दुसऱ्यांदा पडली. कोणी खोकलं नाही. मग ती कोपरांवर उठली, आणि लेडीजमधून राबियाबीचा आवाज आला, "जला दे अम्मा, जला दे!" चुडैल पेटली तेव्हा बाया उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. थर्ड क्लासवाले शिट्ट्या मारत होते. कोणी फवाऱ्याचं नाव काढलं नाही.

शेठनी घड्याळ खिशात घातलं. "मिनिटं बरोबर आहेत," एवढंच म्हणाले. भिंत घातली नाही. सुमन त्या दारावर आणखी सहा वर्षं बसली, टॉकीज बंद पडेपर्यंत. प्रिंट पुढच्या गावी गेली. तिथल्या ऑपरेटरनं निरोप धाडला, की सगळे तुकडे परत लागलेले आहेत, आणि जॉइंट एकही उडाला नाही, हात कोणाचा आहे? मी सांगितलं, हात माझा आहे. नजर सुमनची होती हे सांगायचं राहिलं, ते आता लिहितो. ती जाऊन दीड वर्ष झालं.

भूत दाखवायला अक्कल लागत नाही. चांगल्याला घाम आलेला दाखवला नाही, तर भूत मेलं यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्या ऑपरेटरच्याही लक्षात न आलेला एक वीतभर तुकडा मात्र चुकून माझ्याकडेच राहिला, किंकाळीचा. घरी पत्र्याच्या डब्यात चुडैल आहे, वर भिंतीवर सुमनचा फोटो. डबा अजून हललेला नाही.