रेखाचा गंधार

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणीही ऐकलेली नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही – आणि त्याला तर मी दूधवाल्याशी झालेली कुरबूरही सांगते. माझा स्वभाव कामं उरकण्याचा. यादी करायची, एकेक कामावर रेघ मारायची. हे एक काम मात्र मी कुठल्याच यादीत लिहिलं नाही. का? लिहिलं असतं तर करावं लागलं असतं.

आमचा चौघांचा वाद्यसंच होता. दोन व्हायोलिन, एक चेलो, आणि मी व्हायोलावर – व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, जरा खालच्या आवाजाचं वाद्य. मी बँकेतली नोकरी सांभाळून वाजवायचे. आम्हाला एकत्र आणलं ते साळवे सरांनी. उभं आयुष्य मुंबईत सिनेमाच्या गाण्यांमागं व्हायोलिन वाजवून सर म्हातारपणी इथं, उस्मानपुऱ्यातल्या घरी परतले, आणि शेवटच्या वर्षांत त्यांनी आपल्या रागांवर चार तंतुवाद्यांसाठी तीन रचना लिहिल्या. सरांचं हृदय थकलं होतं. ते असेपर्यंत रेकॉर्डिंग व्हावं म्हणून सगळी जुळवाजुळव मी केली – स्टुडिओ, तारखा, गाड्या, जेवणाचे डबे. सर मला ‘मॅनेजर’ म्हणायचे. मला ते आवडायचं.

दुसऱ्या व्हायोलिनवर रेखा होती. बिडकीनची, तिथंच शाळेत शिक्षिका. सर परत आल्यावर त्यांना मिळालेली पहिली शिष्या. व्हायोलिन हातात धरायचं कसं, इथपासून सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं.

स्टुडिओत पहिल्या दोन रचना रेकॉर्ड झाल्या. तिसऱ्या रचनेत एक लांबलचक ठहराव आहे. चौघांनी आपापला स्वर धरून ठेवायचा; त्यात गंधार, म्हणजे सरगममधला ‘ग’, रेखाकडं आणि माझ्याकडं. तिथं आम्हा दोघींचे गंधार एकमेकांना घासायला लागले. मी वाद्य नेहमी मोबाइलवरच्या ट्यूनरनं लावते – स्वर बरोबर असला की त्याचा काटा मधोमध राहतो – बोटंही त्याच काट्यावर बसवलेली. रेखा तानपुऱ्यावर शिकलेली. तिचा गंधार काट्याच्या किंचित खाली यायचा. मी मोबाइल तिच्यापुढं धरला. काटा डावीकडं. ती म्हणाली, ताई, मला तर इथंच गोड लागतंय. मी परत धरला. परत डावीकडं. सगळ्यांसमोर – किती वेळा धरला, ते आता नको.

सर काचेपलीकडून बघत होते.

“मॅनेजर, भाजीत मीठ बी त्यालाच विचारून टाकतीस का?”

सगळे हसले. मीही हसले. आतून मला राग आला होता, हे तेव्हाही कळत होतं.

त्या संध्याकाळी सरांना मी गाडीनं घरी सोडलं. वाटेत ते काही बोलले. तेच सांगायला बसले आहे – पण आधी मी काय केलं, ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेखाला फोन केला. सांगितलं, सरांना तुझा गंधार खटकतोय, उरलेल्या रेकॉर्डिंगला दुसरं कुणी घ्यावं असं त्यांचं म्हणणं आहे. तिनं विचारलं –

“सर म्हणाले?”

“हो.”

“मग बरोबरच असंल, ताई.”

एवढंच. ती सरांना विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. आपल्याकडं गुरूला ‘असं का म्हणालात’ म्हणून विचारत नाहीत. त्याच भरवशावर तर मी फोन केला होता. सरांना सांगितलं, तिच्या घरी अडचण आहे. घरचं आधी, असं ते म्हणाले. शिष्येच्या घरातलं खोदून विचारणं त्यांनाही जमणारं नव्हतं.

पुण्याहून एक व्हायोलिनवादक बोलावला. त्याचा काटा मधोमध राहायचा. काम वेळेत उरकलं. शेवटी सरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, साफ झालंय. मी ते कौतुक समजले. की तसं समजायचं ठरवलं? पुन्हा ऐकायला त्यांनी कधी मागितलं नाही. काही महिन्यांत ते गेले.

शोकसभेत बुद्धवंदना झाल्यावर रेखा माझ्याजवळ आली. व्हायोलिन सोडलं, म्हणाली. आधी वाटायचं, सरांच्याच ऐकण्यात काही चुकलं असंल. मग रोज वाजवताना तिलाही स्वतःचा गंधार बेसूर ऐकू यायला लागला. आता लाज वाटते ती याची, की इतकी वर्षं आपल्याला कळलंच नाही. हे सगळं ती शांतपणे सांगत होती. मागं खुर्च्या आवरल्या जात होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तिला काय विचारलं? चहा घेणार का.

तर – त्या संध्याकाळी गाडीत सर म्हणाले होते, “तुझा चढतोय. रेखाचा बरोबर हाय. तुम्ही तिघं तिच्याकडं या.”

मी ‘हो सर’ म्हटलं होतं. तिच्या गंधाराकडं येणं म्हणजे आधीच्या दोन्ही रचना पुन्हा वाजवणं, स्टुडिओच्या तारखा पुन्हा मागणं – आणि सगळ्यांसमोर तो मोबाइल पर्समध्ये टाकणं. रचना, तारखा यांतून मी मार्ग काढला असता. मला ते येतं. मोबाइल मात्र पर्समध्ये टाकवला नाही. तेवढ्यासाठी मी एका बाईला तिच्याच कानावर अविश्वास ठेवायला लावलं, आणि त्यासाठी तिच्या गुरूचं नाव वापरलं.

येत्या रविवारी मी बिडकीनला जाणार आहे. फोन करणार नाही. फोनवर मी काय करू शकते, ते तुम्ही पाहिलं. संचातल्या बाकी दोघांनाही सांगणार, पण तिच्यानंतर. माफी मागणार नाही. मागितली की तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तिचं नाही. ती आत बोलावेल किंवा दारातूनच परत पाठवेल. दोन्हीला मी तयार आहे. सरांचं वाक्य मी त्यांच्याच शब्दांत तिला देणार. ते तिचं होतं. इतकी वर्षं माझ्याकडं राहिलं.