आठ टेबलं आणि एक सतरंजी

नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी एकाच वेळी आठ टेबलांवर ऑनलाइन पोकर खेळायचो. एकीकडे पत्ते टाकले की दुसरीकडे माझी पाळी आलेलीच असायची. थांबणं माझ्या अंगातून गेलंच होतं.

गणपतीत मामाच्या गावी गेलो. दुपारी देवासमोर सतरंजीवर तीन पत्तीचा डाव बसला. एकेक पान वाटताना म्हातारे मासळीपासून जावयापर्यंत सगळ्यांवर बोलत होते. माझं डोकं तापलं होतं.

"वाटा ना पटापट!" मी ओरडलोच.

मामा म्हणाले, "आरं, आमी पत्त्यांसाठी नाय बसलो. गणपतीत देवाला एकटं सोडायचं नसतं, सोबत हाय ही."

तेव्हा दिसलं. सगळे अर्धगोलात, देवाकडे तोंड करून बसले होते. देवाकडे पाठ फक्त माझी होती.